अस्वलाचा हात

१९ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची फेब्रुवारीत थांबली, पण त्याला कारण होतं. कारण आता आठवत नाही, पण असणार.

गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, दिवस मावळला की माणसानं स्वतःशी खरं बोलावं आणि ते लिहून ठेवावं. मी मुळात खोटं बोलतच नाही. म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं आहे.

ठरलं. सुट्टीत मुलांना मोठ्या पार्कात न्यायचं. दोन दिवस. पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव, सगळं. मेहुणा म्हणत होता, भाऊजी, तुम्हाला शिलाई मशीनवरून उठायला वेळ कुठला, माझ्या पोरीबरोबर तुमची दोन्ही मी घेऊन जातो. मी म्हटलं, माझी पोरं मी नेईन. तर म्हणाला, मग सगळेच जाऊ, गाडी माझी.

धाकटा चार वर्षांचा, त्याला काहीही चालतं. थोरली आठ वर्षांची. तिला एकच हवंय. तुफान. तो उलटा होणारा पाळणा. अठ्ठेचाळीस इंचांखालच्या कोणाला त्यात घेत नाहीत, आणि बसणाऱ्याचा वरच्या वर फोटो काढून देतात. थोरली वर्गात सगळ्यांत बुटकी. प्रार्थनेच्या रांगेत तीन वर्षं पहिली. मेहुण्याची मुलगी तिच्याच वर्गात, रांगेत शेवटची (तिला मी मनातल्या मनात शिडी म्हणतो). शिडीनं हिचं नाव बटण ठेवलं, आता सगळा वर्ग बटण म्हणतो. थोरलीचा हिशेब असा की तुफानमधला फोटो एकदा वर्गात दाखवला की बटण कायमचं बंद.

पोरीचं डोकं बघून बरं वाटलं. माझ्यावर गेली आहे.

२० एप्रिल, सोमवार

रोज संध्याकाळी थोरली दुकानात येते. लोहचुंबक घेऊन मशीनखाली शिरते, पडलेल्या टाचण्या गोळा करते, मोठ्यानं मोजत डब्यात टाकते. मी आकडा मापाच्या वहीत दिवसाच्या शेवटी लिहितो. आज बावीस.

मग ती भिंतीला टेकून उभी राहिली. श्वास कोंडून, डोळे मिटून. मी टेप लावला, वहीत लिहिलं. ४८.

तिनं आकडा दोनदा वाचला. मग दुकानभर उड्या. तयार कपड्यांची चळत पाडली. रागावलो नाही.

पंचवीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. किती पोरं मोजली याला गणती नाही. आता हात असा बसलाय की टेपवर नुसती नजर टाकायची आणि वाढीचा दीड इंच धरून सरळ वहीत लिहायचं. वाढतं अंग असतं. दीड इंच धरला की गणवेश दोन वर्षं जातो. पूर्वी हे लक्षात ठेवून करायचो, आता हात आपोआप लिहितो. कारागिरी म्हणतात ती हीच.

बायकोनं विचारलं, गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीत ही साडेसेहेचाळीस भरली होती, आता एकदम अठ्ठेचाळीस कशी? मी हसलो. म्हटलं, शाळेची पट्टी! थोरलीनं विचारलं, मग बाबा, खरं कुठलं? मी वहीवर बोट ठेवलं.

२८ एप्रिल

पार्काच्या पत्रकात लिहिलंय, पाण्यात उतरायला अंगाला चिकटून बसणारे नायलॉनचे कपडेच हवेत. बायको म्हणाली, विकत आणू. शिंप्याच्या घरात विकतचे कपडे! गणवेशाचं निळं टेरिकॉट उरलं होतं, त्यातच चौघांचे पोहण्याचे कपडे शिवले. धाकट्याच्या कमरेत चांगली वाढ ठेवली. आणखी दोन उन्हाळे जातील.

बायकोला तिचा दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, याला खिसे कशाला? मी म्हटलं, असलेले बरे.

थोरलीनं वर्गातल्या सगळ्या मुलींना फोन करून सांगितलंय. तुफान, फोटो, अठ्ठेचाळीस. बाईंनासुद्धा.

९ मे, शनिवार

प्रवासासाठी संकल्प: १. चिडायचं नाही. २. मेहुण्याशी तुलना करायची नाही. ३. मुलांना आठवणीत राहील असा बाप व्हायचं.

मेहुण्याच्या गाडीनं निघालो. धाकट्याला उलटी झाली, नव्या सीट कव्हरवर. मेहुणा हसत म्हणाला, असू दे हो भाऊजी, पोरच आहे. मी म्हटलं, नाहीतरी या कव्हरची शिलाई उसवायलाच आलीय. तो पुढचे दोन तास काही बोलला नाही. प्रवास शांततेत झाला.

लॉजवर उतरलो. खोलीच्या खिडकीतून तुफान दिसतो. थोरली तिथून हलायला तयार नाही.

१० मे, रविवार

सकाळी ६. प्लॅन: दार उघडताच थेट तुफान. नंतर पाणी. दुपारी झाडाखाली विश्रांती. मेहुण्यानं सल्ला दिला, आधी छोटे पाळणे करू, पोरांना सवय होईल. ऐकलं नाही.

दुपारी २. लॉकरपाशी बसून लिहितोय.

तुफानच्या दारात एक लाकडी अस्वल उभं आहे. रंग उडालेला, तोंड हसरं. त्यानं एक हात आडवा धरलाय. हाताला डोकं लागलं तर आत, नाहीतर बाजूला. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई. शिडीचं कपाळच आपटलं हाताला. कपाळ चोळत, हसत आत गेली. मग थोरली. ताठ मानेनं, पावलं मोजत आली आणि अस्वलाच्या हाताखालून सरळ पलीकडे निघाली. एक केससुद्धा लागला नाही.

शिट्टीवाली म्हणाली, पुढच्या वर्षी ये हं बाळ. थोरली हलली नाही. म्हणाली, माझे बाबा शिंपी आहेत. त्यांनी मोजलंय. अठ्ठेचाळीस आहे मी. बाई म्हणाली, असतील गं शिंपी, पण अस्वल काय म्हणतंय बघ. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं.

टेप गळ्यात होताच. पुढे झालो आणि अस्वलाचा हात जमिनीपासून मोजला. मागून रांग ओरडायला लागली. एक जण म्हणाला, काका, त्याला झब्बा शिवताय का? लक्ष दिलं नाही. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजला. अठ्ठेचाळीस.

थोरलीनं विचारलं, किती, बाबा? मी म्हटलं, साडेएकोणपन्नास.

हे खोटं नव्हे. अस्वल खालून उचललेलं असणार, त्याचा अंदाज मी धरला. शिट्टीवाली म्हणाली, बघू टेप. मी गुंडाळून खिशात घातला. असल्या माणसांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

थोरली रडली नाही. रांगेतून बाहेर पडताना प्रत्येकाला सांगत होती, अस्वल चुकीचं आहे, माझ्या बाबांनी पकडलं.

सायंकाळी ७. पाण्याबद्दल थोडक्यात. दारावरच्या माणसानं आमचे कपडे दोन बोटांत धरून पाहिले, म्हणाला, हे तर शाळेच्या चड्डीचं कापड आहे. बायको गेली आणि तिचे आणि थोरलीचे भाड्याचे कपडे घेऊन आली. धाकट्याला लहान म्हणून तसंच सोडलं. पहिली लाट आली. कपडा गेला, धाकटा राहिला. तो चड्डीच्या मागे, चड्डी लाटेच्या मागे, आणि खिशांत पाणी भरल्यामुळे ती तळाशी जाऊन जाळीत अडकली. पंप बंद पडला. लाटा थांबल्या. तलावातली दोनशे माणसं उभ्यानं वाट बघत होती. भोंग्यावरून सूचना झाली, निळी चड्डी ज्यांची असेल त्यांनी येऊन ओळख पटवावी.

मी त्या वेळी लॉकरमागे देवाचं नाव घेत उभा होतो. बायको गेली.

मेहुण्यानं सगळं मोबाइलवर टिपलंय. शिडीनं तीनदा पाहिलं. धाकटा टॉवेलात गुंडाळून तासभर हुंदके देत होता आणि विचारत होता, सगळे का हसले? मी त्याला समजावलं की कमरेत वाढ ठेवल्यामुळे ही चड्डी तो सहा वर्षांचा होईपर्यंत चालेल. त्यावर तो जास्तच रडला. मुलांना पुढचं दिसत नाही.

११ मे, सोमवार

पहाटे ५.४०. सगळे झोपलेत. थोरली उताणी, सरळ झोपली आहे. हळूच टेप लावला. साडेसेहेचाळीस.

आडवं माप कोणी धरत नाही. झोपेत माणूस आखडतो.

मग वहीतली मागची पानं डोळ्यांसमोर आली, आणि एक विचार आला. तो लिहीत नाही.

५.५५. मुलीच्या नजरेतून बाप एकदा उतरला की पुन्हा चढत नाही. तिला आज सत्य सांगून काय साधणार? तुफान तर मिळणार नाहीच, वर बापही जाईल. देवालाही हे पटेल. शिवणाच्या पिशवीत कोटाच्या खांद्यांचे सहा पॅड आहेत. प्रत्येक बुटात तीन. बायकोला म्हटलं, पोरीचे केस आज वर बांध, उन्हाचा त्रास होतो. तिनं बांधले, पण माझ्याकडे बघत बांधले.

थोरलीला सांगितलं, काल चालून पाय दुखले ना, म्हणून बूट मऊ केलेत. तिनं गळ्याला मिठी मारली.

सायंकाळी ६. गाडीत. हलत्या गाडीत अक्षर बिघडतं, तरी लिहितो.

आज अस्वलाचा हात लागला. खरंच लागला, वर बांधलेल्या केसांना. थोरली इतक्या मोठ्यानं हसली की पुढची माणसं वळून बघायला लागली. एक पाऊल आत टाकलं होतं तिनं. एकच. शिट्टीवालीची नजर खाली गेली. टाचा बुटाबाहेर आल्या होत्या. म्हणाली, बाळ, बूट काढ.

सहा पॅड. पांढरे, गुबगुबीत. एक घरंगळत अस्वलाच्या पायाशी गेला. मग शिडी ओरडली, अय्या, बटणाला उशा लावल्यात! आणि मग सगळेच हसले. शिट्टीवाली थोरलीला म्हणाली, एवढीशी आहेस आणि अशी फसवाफसवी करतेस? लाज वाटायला हवी.

मी मोठ्यानं विचारलं, हे बुटात कोणी घातलं?

तोंडातून निघून गेलं. आता गेलेलं परत कसं घेणार? एवढ्या माणसांत घरातल्या मोठ्या माणसानं आब राखायला नको का? थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून पॅड गोळा केले, सहाच्या सहा, आणि माझ्या हातात दिले. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हे तर खांद्याचे पॅड. मी म्हटलं, हो का?

६.४०. थोरली माझ्या शेजारी बसली आहे. आत्ता हळूच कानात म्हणाली, बाबा, पाय दुखू नयेत म्हणून तुम्हीच घातले होते ना? विसरलात? मी म्हटलं, हो गं, विसरलोच. ती म्हणाली, असू दे, तुम्हाला केवढी मापं लक्षात ठेवावी लागतात. मग मांडीवर डोकं ठेवून झोपली.

पुढच्या सीटवर शिडी आपला फोटो बघत बसली आहे. फोटोत तोंड उघडं, डोळे मिटलेले. फार काही चांगला आलेला नाही.

१२ मे

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. बायकोनं पॅड धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेत. सहा, ओळीनं, रस्त्याच्या बाजूला. बोलत नाही. दमली असणार.

१५ जून, सोमवार

शाळा सुरू.

शिडीनं फोटो नेला. उशांची गोष्टही नेली. मधल्या सुट्टीपर्यंत वरच्या वर्गांतसुद्धा पोचली. थोरलीनं वर्गात उभं राहून सांगितलं, अस्वल साडेएकोणपन्नास होतं, माझ्या बाबांनी दोनदा मोजलं. एक जण म्हणाली, मग शाळेच्या पट्टीवर का कमी भरतेस? थोरली म्हणाली, तीही चुकीची आहे. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून बाई आल्या. शेवटी हिच्या बाई म्हणाल्या, बरं, बाबांनाच बोलव उद्या प्रार्थनेनंतर. येऊ देत टेप घेऊन.

हे सगळं मला तिनं आनंदानं सांगितलं. उद्या सगळं मिटणार म्हणून.

संकल्प: खरं सांगायचं. आजच. सगळ्यांसमोर नाही, तिला एकटीला बोलावून. चहा झाल्यावर.

चहा झाला. बघतो तर ती माझा पांढरा शर्ट आईकडून इस्त्री करून घेत होती. कॉलर नीट, कॉलर नीट, असं बजावत. म्हणाली, उद्या तुम्हाला सगळी शाळा बघणार.

सकाळी सांगेन. सकाळी मन ताजं असतं.

१६ जून, मंगळवार

सकाळी ७.०५. दुकान उघडलं. देवाच्या तसबिरीला हात जोडले. मग टेप टेबलावर सरळ पसरला आणि टोकाकडून दीड इंच कापला.

पंचवीस वर्षांत टेपला कात्री लावली नव्हती. तुकडा उडून मशीनखाली गेला. वाकून शोधला, मिळाला नाही. वेळ नव्हता. तसबिरीच्या काचेवर बरीच धूळ आहे, पुसायची राहून जाते. त्यामुळे त्यालाही नीट दिसलं नसावं.

११.३०. झालं! सगळी शाळा मैदानात. थोरली भिंतीला टेकली, श्वास कोंडला, डोळे मिटले. मी कापलेलं टोक तिच्या टाचेखाली दाबलं, टेप वर नेला आणि बाईंना म्हटलं, तुम्हीच वाचा. बाईंनी वाचलं. अठ्ठेचाळीस. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे. शिंपीकाकांचं माप.

टाळ्या. शिडीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाईंनी थोरलीला रांगेत पहिल्या जागेवरून चौथ्या जागेवर नेलं. तिथून तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आजवर कोणी माझ्याकडे असं पाहिलेलं नाही.

देव आहे.

सायंकाळी ७. थोरली आज उड्या मारतच दुकानात आली. चुंबक घेऊन मशीनखाली शिरली. एक, दोन, तीन. गाण्यासारखं मोजत होती. सतरापर्यंत आली आणि थांबली.

मी काजं करत होतो. मान वर केली नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. चुंबकाला टाचण्यांबरोबर तो तुकडा चिकटला होता. पत्र्याचं टोक, पुढे एकचा आकडा, त्यापुढे अर्ध्याची रेघ. टेप टेबलावरच पडलेला. तिनं तुकडा टेपच्या टोकाला लावून पाहिला. बरोबर बसला. मग तो टेपशेजारीच ठेवला, सरळ करून. चुंबक खिळ्याला अडकवलं आणि घरी गेली. किती टाचण्या ते सांगितलं नाही.

तिच्या लक्षात आलेलं नसावं. वय ते काय तिचं.

१७ जून, बुधवार

नवा टेप आणला.

बायको शाळेतून ऐकून आली. थोरली आज प्रार्थनेला आपणहून पुन्हा पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, अगं, तुझी जागा आता चौथी. तर म्हणाली, नको बाई, माझी हीच आहे. शिडीसुद्धा हसली नाही म्हणे.

नम्र आहे पोरगी. माझ्यावर गेली आहे.

संध्याकाळी दुकानात आली नाही. अभ्यास असेल. टाचण्या मीच वेचल्या, गुडघ्यांवर बसून. नऊ निघाल्या. वही मिटताना पाहिलं, हातानं साडेदहा लिहिलं होतं.